चार मोकळ्या दिवसांतले दोन आधी लुक्लाच्या नावावर लिहा

पत्र असं आहे:

"मी (वय ४८), हे (वय ५३) आणि माझी नणंद असे तिघं एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात एव्हरेस्ट बेस कॅम्पच्या ट्रेकला निघतोय. सुट्टी एकूण १८ दिवसांची आहे. ट्रेकचे, काठमांडू ते काठमांडू, १२ दिवस. घरून जाण्याचा आणि घरी परतण्याचा एकेक दिवस सोडला तर चार दिवस हातात उरतात आणि सध्या घरातले सगळे वाद त्या चार दिवसांवरून चालले आहेत. ह्यांना चितवन आणि पोखरा दोन्ही करायचं आहे. ते चार दिवसांत बसत नाही, म्हणून एजन्सीने दिंगबोचेचा विश्रांतीचा दिवस काढून ट्रेक ११ दिवसांचा करून द्यायची तयारी दाखवली आहे. नणंदेचं म्हणणं, फिरायचं ते सगळं आधीच उरकावं, नंतर अंगात त्राण राहणार नाही. त्यात सासूबाईंना (वय ७१) पशुपतिनाथाचं दर्शन घ्यायचं आहे. त्यांना आमच्याबरोबरच नेऊन ट्रेक होईपर्यंत काठमांडूच्या चांगल्या हॉटेलात ठेवावं का? धाकटे दीर शेवटचे दोन-तीन दिवस येऊ शकतात. मला स्वतःला भक्तपूर बघायची फार इच्छा आहे, पण या गडबडीत ते मागेच पडलंय. काय करावं?"

ताई,

आधी एजन्सीला फोन करा आणि सांगा की दिंगबोचेचा दिवस निघणार नाही. बाकीचं सगळं त्यानंतर ठरवू.

इतक्या ठामपणे सांगतेय, कारण या एका दिवसावर तुमचा अख्खा ट्रेक उभा आहे. वर जातानाचे मुक्काम बघा: तेंगबोचे ३,८६० मीटरवर, दिंगबोचे ४,४१० वर, लोबुचे ४,९१० वर आणि गोरक्षेप ५,१६० च्या आसपास. तीन हजार मीटरच्या वर गेल्यावर रोजच्या मुक्कामाची उंची साधारण ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस त्याच उंचीवर काढावा, असा गिर्यारोहणाच्या वैद्यकातला सर्वमान्य नियम आहे. तेंगबोचे ते दिंगबोचे या एका टप्प्यातच तो नियम थोडा ताणला जातो. दिंगबोचेला न थांबता पुढे निघालात तर शरीराला जुळवून घ्यायला वेळ न देता तुम्ही लागोपाठ तीन रात्री वर वर झोपणार. मग डोकं दुखणं, मळमळ, झोप न लागणं सुरू होतं आणि लोबुचेहून परत फिरावं लागतं. तेवढ्यावर भागलं तर नशीबच म्हणायचं, कारण पुढची पायरी फुप्फुसात किंवा मेंदूत पाणी साठण्याची असते आणि तिथे ताबडतोब खाली उतरवणं हाच खरा इलाज असतो. फिटनेसचा याच्याशी फारसा संबंध नसतो. रोज दहा किलोमीटर पळणाऱ्यालाही उंची लागते आणि कधीच न पळणारा आरामात वर जाऊन येतो. तुमच्या यजमानांना हे जरूर सांगा, कारण चांगली तयारी केलेल्या माणसालाच "माझं चालेल एक दिवस कमी" असं वाटण्याची शक्यता जास्त असते.

आणि त्या दिवशी कुणी खोलीत पडून राहत नाही. दिंगबोचेच्या मागे नांगकारचांग नावाचा डोंगर आहे. सकाळी निघून जमेल तेवढं त्यावर चढायचं, थोडा वेळ वर थांबायचं आणि दुपारपर्यंत खाली यायचं. पूर्ण माथा गाठला तर पाच हजार मीटरच्या वर पोहोचता, पण त्याची गरज नसते. अर्ध्या वाटेवरूनच अमा दब्लम (६,८१२ मीटर) एका बाजूला इतका जवळ दिसतो की त्याच्या खांद्यावरचं लटकतं हिम वेगळं ओळखता येतं. हवा स्वच्छ असेल तर पूर्वेला मकालूही दिसतो. त्याआधी नामचे गावात उंचीची सवय व्हावी म्हणून जो एक दिवस थांबता, त्याचंही तसंच. त्या दिवशी स्यांगबोचेवरून एव्हरेस्ट व्ह्यू हॉटेलपर्यंत (सुमारे ३,८८० मीटर) चढायचं आणि खुमजुंग गावातून फिरून खाली यायचं. खुमजुंगची शाळा एडमंड हिलरींनी १९६१ मध्ये उभारली आणि शेजारच्या खुंदेतलं हॉस्पिटल १९६६ मध्ये. दगडी कुंपणांमधली बटाट्याची शेतं, हिरव्या पत्र्याची घरं, गोंपा (बौद्ध मठ), शाळेच्या मैदानावर धावणारी मुलं हे सगळं त्या एका चक्करीत बघून होतं. चार दिवसांत काय बघायचं यावरून घरात वाद चाललाय, पण बघण्यासारख्या दोन उत्तम दिवसांची सोय ट्रेकमध्येच करून ठेवलेली आहे. त्यातला एक विकून चितवन घेण्यात हशील नाही.

आता लुक्ला, म्हणजे डोंगरातलं ते विमानतळाचं गाव जिथून तुमचं चालणं सुरू होतं आणि जिथे परत येऊन संपतं. तुमच्या चार दिवसांचं गणित खरं तर तिथेच ठरतं.

लुक्लाची धावपट्टी अवघी ५२७ मीटर लांब आहे आणि तिला साधारण १२ टक्के चढ आहे. एका टोकाला डोंगर, दुसऱ्या टोकाला दरी. विमानं डोळ्यांना दिसतं त्यावरच उतरतात आणि उडतात. त्यामुळे लुक्ला, निघण्याचं ठिकाण आणि मधली वाट, तिन्ही ठिकाणी एकाच वेळी आभाळ मोकळं लागतं. उड्डाणं बहुतेक सकाळची. दुपारकडे वारा आणि ढग वाढतात आणि मग त्या दिवसाचा हिशेब संपतो. एप्रिलमध्ये दुपारी ढग भरून येणं तर रोजचंच.

विमान रद्द झालं की पुढे काय होतं, हे बऱ्याच जणांना तिथे पोहोचेपर्यंत माहीत नसतं. दुसऱ्या दिवशी आधी त्या दिवसाची तिकिटं असलेले प्रवासी जातात, अडकलेल्यांना जादा फेऱ्यांमध्ये किंवा उरलेल्या जागांवर घेतलं जातं. म्हणजे एक दिवस हवा बिघडली तर त्याचे दोन दिवस होऊ शकतात आणि लागोपाठ दोन दिवस बिघडली तर किती होतील ते सांगता येत नाही. अशा वेळी लुक्लाच्या प्रत्येक टी-हाऊसच्या (ट्रेकर्सच्या लॉजच्या) खिडकीला कुणी ना कुणी चिकटलेलं असतं. डफल बॅगा दाराशी लावलेल्या, बूट घातलेले, तिसरा चहा चाललेला. विमान येतंय असा भोंगा वाजला की सगळी खोली एकदम उठते आणि ते दुसऱ्याच कंपनीचं निघालं की पुन्हा बसते. ज्यांच्या घरच्या विमानाचं तिकीट दुसऱ्याच दिवशीचं असतं, त्यांच्या तोंडाकडे बघवत नाही. मागच्या १२ दिवसांचा सगळा आनंद तिथे बसल्या बसल्या विरून गेलेला असतो. ज्यांच्याकडे दोन दिवस शिल्लक असतात ते त्याच खोलीत बसून पत्ते खेळत असतात.

म्हणून माझं सांगणं असं: चार मोकळ्या दिवसांपैकी एक आधी, तीन नंतर. आणि नंतरच्या तिनातले पहिले दोन लुक्लाने मागितले तर विनातक्रार देता येतील असेच ठेवायचे. त्या दोन दिवसांत जे बघायचं ते असं निवडा की नाही झालं तरी पैसे बुडू नयेत आणि मन खट्टू होऊ नये. लुक्लाने दिवस मागितलेच नाहीत तर ते तुमचेच आहेत, मजेत फिरा.

चितवन आणि पोखरा या कसोटीवर टिकत नाहीत. काठमांडू ते चितवन रस्त्याने पाच-सहा तास, रस्त्याची कामं किंवा वाहतूक आडवी आली तर जास्त. आणि जंगलात दोन रात्री नसतील तर तिथे जाऊ नये, कारण एका सफारीत गेंडा दिसेलच असं नसतं आणि दुसरा दिवस हातात नसला की सगळा वेळ हुरहुरीत जातो. चितवन हे नेपाळचं पहिलं राष्ट्रीय उद्यान, १९७३ चं. एकशिंगी गेंड्यासाठी, घडियालासाठी, नदीतल्या होडीच्या फेरीसाठी तिथे निवांत जावं असं ते ठिकाण आहे. पोखरा दोनशे किलोमीटरवर. विमानाने अर्धा तास, पण बसने अख्खा दिवस जातो. दोन्ही ठिकाणी आगाऊ बुकिंग लागतं आणि तेच तुमच्या गळ्यात पडेल: लुक्लाला ढग आले की प्रत्येक तासाला बुडणाऱ्या पैशांचा हिशेब डोक्यात सुरू होणार. शिवाय १२ दिवस डोंगर चालून आल्यावर लगेच गाडीत सहा तास आखडून बसणं मांड्यांना आणि गुडघ्यांना मुळीच मानवत नाही. यजमानांना म्हणावं, चितवन आणि पोखरा यांची मिळून आठवडाभराची वेगळी सहल करू. तेव्हा सासूबाईंनाही पूर्ण वेळ बरोबर नेता येईल.

काठमांडूजवळच्या नगरकोटचा सूर्योदयही कुणीतरी सुचवेल. एप्रिलमध्ये नको. पाऊस सुरू होण्याआधीच्या त्या दिवसांत वणव्यांचा धूर आणि धूळ मिळून काठमांडूच्या खोऱ्यावर धुरकट पडदा असतो. पहाटे चारला उठून तिथे गेलात आणि पांढुरक्या हवेशिवाय काही दिसलं नाही, असं होण्याची शक्यता मोठी. तुम्ही तर बेस कॅम्पजवळच्या काला पत्थरवरून एव्हरेस्ट बघून आलेल्या असणार.

नणंदबाईंचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. ट्रेकनंतर अंगात त्राण कमी असतं हे खरं. पण ट्रेकआधीचे दिवसही तितकेसे मोकळे नसतात. पोहोचल्यानंतरच्या त्या एका दिवसात एजन्सीची बैठक, परवान्यांची कागदपत्रं, काठमांडूच्या ठमेल भागात भाड्याने घ्यायचं डाऊन जॅकेट आणि स्लीपिंग बॅग, पैसे बदलून घेणं, एवढं होता होता दुपार होते. स्लीपिंग बॅग भाड्याने घेताना ती उघडून पूर्ण पसरा, चेन दोन्ही बाजूंनी वरखाली करून बघा, आतला वास घ्या. गोरक्षेपच्या रात्री अडकणारी चेन काय करते ते तिथेच कळतं आणि तेव्हा बदलायला दुकान नसतं.

शिवाय हंगामात लुक्लाची बरीचशी विमानं काठमांडूहून न सुटता रामेछाप जिल्ह्यातल्या मंथलीहून सुटतात. काठमांडूच्या विमानतळावरची गर्दी टाळण्यासाठी ही व्यवस्था केलेली आहे. मंथली रस्त्याने चार-पाच तास, २०२४ च्या सप्टेंबरमधल्या पुराने तिकडच्या रस्त्याची बरीच नासधूस केली होती, त्यामुळे कधी त्याहून जास्त. म्हणजे पहाटेच्या विमानासाठी मध्यरात्रीनंतर लगेच काठमांडू सोडायचं. आदल्या संध्याकाळी आठला अंथरुणात असायला हवं. म्हणून त्या दिवशी दुपारनंतर एकच जागा बघा: बौद्धनाथ. सपाट जागा, चढउतार नाही, स्तूपाभोवती लोकांबरोबर दोन-तीन प्रदक्षिणा घालायच्या आणि परत यायचं. शहराच्या धुळीत दिवसभर हिंडू नका, तोंडाला मास्क लावा. खुंबूची, म्हणजे एव्हरेस्टच्या भागातली, कोरडी थंड हवा घसा असाही धरते, आधीच दुखऱ्या घशाने वर गेलात तर खोकला परत येईपर्यंत सोडत नाही. आणि रस्त्यावरची चटणी, कच्चं सॅलड हे सगळं परत आल्यावर. पोट बिघडवून घेऊन डोंगरात जाणं फार वाईट.

आता भक्तपूर. तुमची इच्छा मागे पडली असं लिहिलंय, पण सगळ्या आखणीत नेमकी हीच सगळ्यात चपखल बसते. मंथलीहून काठमांडूकडे येणारा रस्ता धुलीखेल, बनेपा करत भक्तपूरच्या कडेने जातो. परतीचं विमान मंथलीला उतरलं तर त्या दिवशी काठमांडूपर्यंत जायचंच नाही, वाटेत भक्तपूरला उतरायचं आणि तिथेच राहायचं. विमान थेट काठमांडूला उतरलं तरी विमानतळ शहराच्या पूर्वेला, भक्तपूरच्याच बाजूला आहे, तासाभराच्या आत पोहोचाल. फक्त एक करा: ट्रेकला निघताना स्वच्छ कपड्यांची बॅग काठमांडूच्या हॉटेलात ठेवाल ना, ती भक्तपूरला पोहोचवायची जबाबदारी एजन्सीवर टाका. लुक्लाच्या विमानात हातातल्या पिशवीसकट साधारण १५ किलोच सामान नेता येतं, त्यामुळे बॅग मागे ठेवणं तसंही भागच आहे.

भक्तपूर दिवसा बघून परत जाणारे पुष्कळ असतात. तिथे रात्र काढण्याची मजा अशी की दुपारनंतर सहलींच्या गाड्या निघून जातात आणि तौमढी चौकात गावचे लोक उरतात. म्हातारी मंडळी देवळांच्या पायऱ्यांवर येऊन बसतात, दुकानदार गप्पा मारतात, भजनाचे आवाज येतात. चौकात समोर न्यातपोल उभं असतं, राजा भूपतींद्र मल्लाने १७०२ मध्ये बांधलेलं पाच छपरांचं देऊळ. पायऱ्यांच्या दोन्ही बाजूंना राखणदारांच्या जोड्या आहेत: खाली दोन मल्ल, त्यांच्यावर हत्ती, मग सिंह, मग शार्दूल आणि सगळ्यात वर बाघिनी आणि सिंहिनी या देवता. प्रत्येक जोडी खालच्या जोडीपेक्षा दहापट बलवान, अशी तिथली श्रद्धा. १९३४ आणि २०१५, दोन्ही मोठ्या भूकंपांत हे देऊळ टिकलं. आजूबाजूचं बरंच काही पडलं आणि पुन्हा बांधलं गेलं, ते नव्या लाकडाच्या रंगावरून ओळखू येतं. उतारामुळे मांड्या भरलेल्या असतील तर न्यातपोलच्या पायऱ्या चढायचा अट्टहास करू नका, समोर बसूनही ते छान दिसतं. दुसऱ्या दिवशी सकाळी दत्तात्रेय चौकाकडे जा, तिथल्या पुजारी मठाच्या भिंतीत कोरलेली लाकडी मोराची खिडकी बघा. कुंभारांच्या चौकात उन्हात वाळत घातलेली मडकी बघा. आणि मातीच्या वाडग्यातलं जुजू धौ, तिथलं घट्ट गोड दही, खाल्ल्याशिवाय निघू नका. डोंगरावर १२ दिवस डाळभात खाल्लेल्या पोटाला ते काय वाटतं ते तुम्हालाच कळेल.

एक सावधगिरी. नेपाळी नववर्ष १४ एप्रिलच्या आसपास येतं आणि त्याच सुमारास भक्तपूरची बिस्केट जात्रा आठ-नऊ दिवस चालते. भैरवाचा रथ वरच्या आणि खालच्या गावातले लोक दोन्हीकडून दोरांनी ओढतात. तुमच्या तारखांना जात्रेचे शेवटचे दिवस सापडू शकतात. सापडले तर भाग्य समजा, पण खोली आधी सांगून ठेवा आणि रथाजवळच्या रेटारेटीत शिरू नका. त्यात माणसं जखमी होतात.

सासूबाईंना १२ दिवस हॉटेलात एकटं ठेवणं मला अजिबात पटत नाही. हॉटेल कितीही चांगलं असलं तरी परक्या देशात, तुमच्याशी फोन लागेल न लागेल अशा दिवसांत, त्यांना आणि तुम्हालाही घोर लागून राहील. वर असताना मन खाली अडकलेलं नको. दीर येणार आहेत ना, मग सोपं आहे. दोघांनी १६ व्या दिवशी दुपारी काठमांडूला उतरावं. तुम्ही १४ व्या दिवशी लुक्लाहून निघणार, १५ वा भक्तपूरमध्ये, १६ व्या दिवशी दुपारी भक्तपूरहून निघून वाटेतच विमानतळावर त्यांना घ्यायचं. लुक्लाला एक दिवस अडकलात तर भक्तपूरची एक रात्र जाईल. दोन दिवस अडकलात तर भक्तपूर पूर्ण जाईल, पण दीर बरोबर असल्याने सासूबाई एकट्या पडणार नाहीत आणि १७ वा दिवस तरीही सगळ्यांचा मिळून असेल. १४ व्या किंवा १५ व्या दिवसाच्या हिशेबाने त्यांना बोलावू नका, सगळा ताण तिथेच येईल.

१६ व्या दिवशी संध्याकाळी बागमतीच्या काठावर पशुपतिनाथाची आरती असते. समोरच्या काठावरून बसून बघता येते. पलीकडच्या घाटावर चिता पेटलेल्या दिसतात, हे सासूबाईंना आधी सांगा. कुणाला त्याने मन शांत होतं, कुणाला त्रास होतो, ते त्यांचं त्यांना ठरवू दे. दर्शन मात्र दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर. सोमवार किंवा एकादशी आली तर रांग मोठी असते, वार बघून ठेवा. चामड्याचा पट्टा, पाकीट, पर्स आत चालत नाही आणि गाभाऱ्याच्या परिसरात फोटो काढू देत नाहीत, त्यामुळे हातात फक्त पूजेचं सामान असू द्या. चारही दिशांना मुखं असलेलं लिंग आहे, त्यामुळे चारी दारांपाशी दर्शन होतं. इथले मुख्य पुजारी दक्षिण भारतातले भट्ट ब्राह्मण असतात, हे कळल्यावर सासूबाईंना नक्की आनंद होईल. त्यानंतर त्यांना दुसरं एकच ठिकाण दाखवा: बुढानीलकंठ. पाण्यात शेषावर पहुडलेला काळ्या पाषाणाचा विष्णू, सुमारे पाच मीटर लांब. चढण नाही, गाडी जवळपर्यंत जाते. टेकडीवरच्या स्वयंभू स्तूपाच्या ३६५ पायऱ्यांवर त्यांना नेऊ नका, आणि खरं सांगायचं तर त्या दिवशी तुमच्या गुडघ्यांनाही नको. त्या दुपारी यजमान आणि दीर दोघांनी मिळून काठमांडूला लागूनच असलेल्या पाटणला जाऊन यावं. १६३७ मधलं दगडी कृष्णमंदिर आणि शेजारचं राजवाड्यातलं संग्रहालय दोन-तीन तासांत निवांत होतं आणि चितवन हुकल्याची रुखरुखही थोडी कमी होईल.

कागदपत्रांचं लगेच बघा. विमानाने नेपाळला जाणाऱ्या भारतीयाला पासपोर्ट किंवा निवडणूक आयोगाचं मतदार ओळखपत्र लागतं, व्हिसा लागत नाही. १५ ते ६५ वयाच्या लोकांचं आधार कार्ड त्यासाठी चालत नाही आणि हे विमानतळावर कळून परत फिरलेली माणसं असतात. दिरांना आत्ताच विचारा त्यांच्याकडे काय आहे ते. सासूबाई ६५ च्या पुढच्या असल्याने त्यांना फोटो असलेलं दुसरं ओळखपत्रही चालू शकतं, पण पासपोर्ट असेल तर तोच न्या. तिकीट काढण्याआधी दूतावासाच्या संकेतस्थळावरचा ताजा नियम एकदा वाचून घ्या. नेपाळचं घड्याळ आपल्यापेक्षा १५ मिनिटं पुढे असतं, परतीच्या विमानाच्या दिवशी फोनवरची वेळ बदलली आहे ना ते बघा.

विम्याच्या कागदावर दोन गोष्टी शोधा: उंचीची मर्यादा (बेस कॅम्प ५,३६४ मीटरवर आहे आणि काला पत्थर त्याहून वर, तेव्हा सहा हजारांपर्यंतचा विमा हवा) आणि हेलिकॉप्टरने खाली आणण्याचा खर्च. यजमानांना बीपी, शुगर असं काही असेल तर निघण्याच्या महिनाभर आधी डॉक्टरांना उंचीचे आकडे दाखवून गोळ्यांचं विचारा, उंचीसाठीच्या गोळीचंही त्यांनाच विचारा. आपल्या मनाने घेऊ नका.

लुक्लाला अडकलातच आणि १७ वा दिवस उजाडायची वेळ आली, तर लुक्लाहून हेलिकॉप्टरमध्ये चार-पाच जण मिळून जागा वाटून घेता येते. विमानापेक्षा बरीच महाग, पण अशा वेळेसाठी पैसे बाजूला काढून ठेवा आणि ते वापरायचे की नाहीत हे तिघांनी आधीच ठरवा. तिथे पहाटे, थंडीत, सामान बांधून झाल्यावर ते ठरवायला गेलात तर भांडण होईल.

काठमांडूच्या आणि भक्तपूरच्या खोल्या विनामूल्य रद्द करता येतील अशाच घ्या, थोड्या महाग पडल्या तरी. एजन्सीला आगाऊ रक्कम देण्याआधी तिला लेखी विचारा: विमान मंथलीहून की काठमांडूहून, परतीचं तिकीट सकाळच्या पहिल्या फेऱ्यांतलं आहे का, लुक्लाला जास्तीच्या राहिलेल्या रात्रींचा खर्च कुणाचा, आणि दिंगबोचेला कुणाला बरं वाटलं नाही तर आणखी एक रात्र तिथे थांबता येईल का. शेवटच्या प्रश्नाला "नाही" किंवा "बघू" असं उत्तर आलं तर दुसरी एजन्सी शोधा, अजून वेळ आहे.